आजोबांच्या वंशजांत माझं नाव

भूतखेत, करणी असलं काही निघालं की मी हसून विषय बदलतो. त्यात मी कॉम्प्युटरवाला... त्यामुळे हे लिहिताना मलाच अवघडल्यासारखं होतंय.

नामांतर आंदोलनाचे दिवस. मी एम.एस्सी.ला होतो. बंदमुळे विद्यापीठातली लॅब सारखी बंद, म्हणून मित्राच्या वशिल्याने वाळूजच्या एका कंपनीत सुट्टीच्या दिवशी पीसी वापरायचो. प्रोजेक्ट असा – कोण कोणाचं मूल एवढी माहिती द्यायची, वंशजांची थोडी उदाहरणं द्यायची आणि नियम मशीननेच शोधायचा. मूल हे वंशज, आणि वंशजाचं मूलही वंशज. तोच नियम स्वतःला पुन्हा पुन्हा वापरत पिढ्या उतरत जातो.

उदाहरणं बाबांच्या घराण्यातली दिली. त्यात 'मंगलचा मुलगा मी' हेही आलं. मंगल म्हणजे आई. नियम तपासायला दुसरं घराणं हवं होतं. हर्सूलच्या घरी आई भाजी निवडत बसली होती.

"आजोबांची मुलं सांग ना."

"सखाराम, ठकू, बाळू."

"आणि तू?"

"मला नको धरू त्यात."

आईने घरी न विचारता लग्न केलेलं. मेंढरं राखणाऱ्या तिच्या वडिलांनी तेव्हापासून तिला तोडलं होतं, एवढंच मला ठाऊक. ठकू कुणी मावशी असेल असं समजून लिहिली, मामांची मुलं तिने सांगितली ती लिहिली; तिला धरलं नाही.

मशीनला नियम सापडला. मी खुशीत विचारलं, आजोबांचे वंशज कोण? मामा आले, मामेभावंडं आली... आणि शेवटी मी! कशावरून, विचारलं. उत्तर – आजोबांची मुलगी ठकू, ठकूचा मुलगा मी. ठकूचा मुलगा मी, असं मी कुठेच टाइप केलं नव्हतं.

घरी आलो. "आई, ठकू कोण गं? मी तिचा मुलगा कसा?"

तिने हातातलं ताट खाली ठेवलं. "मीच की. नावं सांगताना तोंडात आलं. मंगल तं सासरी तांदळात लिहिलेलं नाव. तुला कुणी सांगितलं?"

"मशीननं."

ती रडायलाच लागली. आबा, म्हणजे माझे आजोबा, अंथरुणाला खिळलेत, असा तिच्या माहेराहून, सोयगावहून, निरोप आला होता. "आबांनी हाकलून दिलं तं, म्हणून न जाता बसले होते रे मी. त्या मशीनला बी मी त्यांचीच वाटते, व्हय? मंग चल."

सकाळच्या एसटीने गेलो. आबांना नीट दिसत नव्हतं. आई फक्त "आबा" म्हणाली. त्यांनी तिचा हात चाचपून धरला.

"लई उशीर केला, माय. जेवली का?"

पुढे गाइडसमोर तोच प्रोग्राम चालवला. माझं नाव आलंच नाही. "माहितीच नाही, तर जोडणार कुठून?" ते म्हणाले. बरोबरच आहे. मला आजही काही सांगता येत नाही... आबा गेले तेव्हा त्यांचं डोकं आईच्या मांडीवर होतं.