तिच्या नावाचा शिधा

लग्न होऊन मी नागपूरहून भोपाळला आले ती थेट कारखान्याच्या वसाहतीत. हे तिथल्या सरकारी कारखान्यात ड्राफ्ट्समन होते. मिसरोदच्या पुढे आमची क्वार्टर्स होती आणि वसाहतीच्या मधोमध मराठी मंडळींनी बांधलेलं दत्तमंदिर. मंदिराचं महिला मंडळ दर गुरुवारी गरिबांना शिधा द्यायचं. तांदूळ, तुरीची डाळ, थोडं तेल, गूळ. त्याआधी पाहणी व्हायची. वसाहतीच्या भिंतीपलीकडे झोपड्यांची वस्ती होती. तिथे जाऊन घर बघायचं, डबे उघडायचे, नवरा पितो का विचारायचं आणि मग नाव यादीत घालायचं. हे काम चार वर्षं माझ्याकडे होतं. मला ते आवडायचं, हे कबूल करते. वस्तीत शिरले की बायका पदर सावरून उभ्या राहायच्या.

त्यातली एक बाई मीच यादीत घातली होती. नवरा बांधकामावरून पडून गेलेला, पदरात दोन मुली. आमच्याच ओळीत ती चार घरची भांडी घासायची.

मग कारखान्याचा पगार उशिरा होऊ लागला, पुढे अर्धा, आणि एका दिवाळीनंतर आलाच नाही. रोज कोणीतरी सांगायचं, दिल्लीत फाईल हलली आहे. हे रोज सकाळी इस्त्रीचा शर्ट घालून हजेरी लावायला जात. हजेरी चुकली तर नोकरीवरचा हक्क जाईल, या भीतीने दुसरं काम धरता येत नव्हतं. दिवसभर बंद मशीनच्या शेजारी बसून संध्याकाळी परत यायचे. ओळीतल्या सगळ्यांनी एकेक करून भांडीवाली बंद केली. मीही केली. ती म्हणाली, "कोई बात नहीं दीदी, जब पगार आए तब बुला लेना."

आमचा गॅस संपला तेव्हा मी मागच्या अंगणात सिगडी पेटवू लागले. पेटवायला हे रद्दीत काढलेले नकाशे आणत. निळ्या कागदावरच्या त्या पांढऱ्या रेघा यांनीच कधीतरी ओढलेल्या असतील. सिगडीत कागद घालताना हे तोंड फिरवून उभे राहायचे. मुलगी सात वर्षांची होती. शाळेतून आली की दप्तर टाकून सरळ स्वयंपाकघरात जाऊन झाकणं उचलून बघायची. काही बोलायची नाही, झाकण परत ठेवायची. मला ते बोलण्यापेक्षा जास्त लागायचं.

एका दुपारी मंडळाच्या अध्यक्ष काकू आणि आणखी एक बाई घरी आल्या. काकू मोठ्या साहेबांच्या पत्नी, पण स्वभावाने वाईट नव्हत्या. खुर्चीवर बसल्या आणि इकडचं तिकडचं बोलल्या. चहा विचारायची माझी सोय नव्हती, हे त्यांच्या लक्षात आलं असावं.

"अगं, तुझ्यावरही वेळ आली आहे असं कळलं," काकू म्हणाल्या. "मंडळ आपल्या माणसांसाठी नाही तर कोणासाठी? फक्त पाहणी करावी लागेल. नियम सगळ्यांना सारखा."

मी म्हटलं, "करा ना काकू."

दुसरी बाई स्वयंपाकघराच्या दारात अडखळली. तिला काही डबे उघडवेनात. शेवटी मीच एकेक डबा खाली काढून उघडून दाखवला. कणकेचा डबा तिरका करून दाखवला, कारण पीठ तळाला एका कोपऱ्यात होतं. "हे पितात का, ते विचारायचं राहिलं," मी म्हणाले. काकूंनी खाली बघितलं.

गुरुवारी पिशवी घरी आली. त्या रात्री मुलीने तीनदा भात मागून घेतला. यांनी पहिला घास घेतला, मग ताट माझ्याकडे सरकवून म्हणाले, "मला भूक नाही." यांना भूक होती.

पुढच्या गुरुवारी मंदिरात गेले तेव्हा काकूंनी मला बाजूला घेतलं. वर्गणी देणारे सगळे वसाहतीतलेच, त्यामुळे वर्गणी आटली होती. शहरातल्या अरेरा कॉलोनीतली दोन-तीन सधन घरं तेवढी धान्य पाठवत होती. "म्हणून वस्तीतली नावं कमी केली आहेत," त्या म्हणाल्या. "त्या भांडीवाल्या बाईचा शिधा आता तुझ्याकडे येतो. तू तिला ओळखतेस, तूच समजावून सांग."

मी मान डोलावली. सांगायला मात्र गेले नाही. आज जाऊ, उद्या जाऊ असं करत आठवडा गेला, आणि गुरुवारी ती स्वतःच मंदिराच्या फाटकाशी येऊन उभी राहिली. धाकटी मुलगी कडेवर होती, तिचं अंग तापलेलं दिसत होतं. आरती संपली, पिशव्या वाटून झाल्या. माझ्या हातात पिशवी होती.

"दीदी, हमारा नाम कट गया क्या?"

"मुझे नहीं पता," मी म्हणाले. "मंडलवालों से पूछो."

तिने माझ्या हातातल्या पिशवीकडे पाहिलं. "आपके यहाँ भी?" तिने हळूच विचारलं. त्या आवाजात राग नव्हता. मी भराभर चालत घरी आले आणि दाराला कडी घालून जमिनीवर बसले. दत्ताचा फोटो समोर होता. काय मागावं हेही मला सुचेना.

यांना सगळं सांगितलं. हे उठले, पिशवी रिकामी केली आणि वाटीने मोजून सगळ्याचे दोन वाटे केले. "जाऊन दे," एवढंच म्हणाले.

मी दुसऱ्या दिवशी दुपारी वस्तीत गेले. तिच्या झोपडीला दार म्हणून लावलेला पत्रा सुतळीने बांधून टाकलेला होता. शेजारीण बाहेर कपडे धूत होती.

"वो तो सुबह ही चली गई बच्चियों को लेके. बहन के गाँव."

"कौन सा गाँव?"

"ये तो बताया नहीं. छोटी को बहुत बुखार था." तिने माझ्या हातातल्या पुडक्याकडे बघितलं. "ये हम रख लें?"

मी पुडकं तिच्या ओल्या हातात दिलं.

पुढच्या उन्हाळ्यात कारखाना कायमचा बंद झाला आणि क्वार्टर सोडावं लागलं. हे मंडीदीपला एका गोदामावर पहारेकरी म्हणून लागले. ज्यांनी आयुष्यभर नकाशे काढले ते येणाऱ्या ट्रकचे नंबर लिहू लागले. आम्ही मिसरोदला एका खोलीत राहिलो आणि जगलो. त्या बाईबद्दल मी कितीतरी जणींना विचारलं, अगदी बिट्टन मार्केटच्या हाटातल्या भाजीवाल्यांनाही. धाकटी वाचली की नाही, हे मला आजपर्यंत कोणी सांगू शकलेलं नाही.