भाऊंच्या मुगाचं पाणी

देवासमध्ये आमच्या भाऊंइतका पाण्याचा चिक्कू माणूस शोधून सापडायचा नाही. भाऊ म्हणजे माझे थोरले काका, गणिताचे निवृत्त मास्तर. दाढी एका पेल्यात, आंघोळ एका बादलीत. विनोदिनीकाकू रोज सोवळ्यात ताजं पाणी भरते आणि कालचं शिळं म्हणून ओतून देते. त्यावरून दोघांचं चाळीस वर्षं वाजतंय.

पीपलरावां गावाजवळच्या एका खेड्यात आमचं चार बिघे शेत आहे, ते भाऊच बघतात. तिथल्या खालच्या मोहल्ल्यातला हापसा दर उन्हाळ्यात आटायचा आणि चाळीस घरांतल्या बायका कोसभर चालून पाणी आणायच्या. शेवटी मागच्या माघात पंचायतीने रुची नावाच्या इंजिनियर बाईंना बोलावलं. कोणत्या पिकाला किती पाणी लागतं, त्यातलं पावसाचं किती आणि जमिनीतून उपसलेलं किती, हे त्या शेतवार मोजणार होत्या.

भाऊंना कोण आनंद झाला! त्यांनी सुचवलं की यादी नावानिशी फळ्यावर लिहा, सर्वांत जास्त उपसणारा सर्वांत वर, आणि वाचून मी दाखवीन. रुचीबाईंनी दोनदा विचारलं, नक्की ना? शरम वाटली की माणूस सुधारतो, असं भाऊंनी छत्तीस वर्षांच्या अनुभवावरून सांगितलं.

ग्रामसभेच्या दिवशी फळ्यावर पहिलं नाव भाऊंचं होतं. गेल्या वर्षीचा उन्हाळी मूग, चार बिघे, पस्तीस लाख लिटर, सगळं ट्यूबवेलचं. एवढ्या पाण्यात खालच्या मोहल्ल्याचं वर्षभराचं पिणं-वापरणं भागून वर उरलं असतं. लोका सांगे ब्रह्मज्ञान म्हणतात ते हेच. मला आधी हसू आलं, मग त्यांच्याकडे बघवेना.

भाऊंनी चष्मा पुसला आणि स्वतःचं नाव, आकड्यासकट, खणखणीत वाचलं. सभेत कोणी हसलं नाही. हापशाशेजारी राहणाऱ्या पार्वतीबाई मागून उठल्या आणि आवाज न चढवता बोलल्या.

"मास्साब, जिस महीने आपका मूँग पानी पीता है, उसी महीने हमारा हैंडपंप सूखता है. हम तो समझते थे, भगवान की मरजी है."

भाऊ त्यांच्याकडे वळले.

"नहीं बाई," ते म्हणाले, "मरजी मेरी थी."

त्या उन्हाळ्यात त्यांनी मूग पेरला नाही. मास्तरांचं बघून आणखी तिघांनी शेतं मोकळी सोडली. भाऊ मात्र धास्तावलेले होते. एवढं करूनही हापसा आटला तर काय, हा एकच घोर. वैशाख तसाच कुढत काढला.

ज्येष्ठात एका दुपारी पार्वतीबाईंचा फोन आला. एवढंच म्हणाल्या, "मास्साब, सुनो." आणि फोन हापशाजवळ धरला. दांडा करकरला, घागरीत पाणी पडू लागलं. काकूने दोनदा जेवायला हाक मारली, पण घागर भरेपर्यंत भाऊंनी फोन कानापासून हलवला नाही.