पुढे मी येते सोबत

वाट विचारणाऱ्याला बाई कधी बोटाने वाट दाखवत नसत. एस्टीतून उतरलेल्या पाहुण्याने थांब्यावर कुणाचं घर विचारलं, की त्या पायात चपला सरकवायच्या आणि त्या घराच्या दगडी कुंपणापर्यंत, गडग्यापर्यंत, त्याला सोडून यायच्या. "नुसतं सांगितलं आणि भलतीकडे गेला, तर नाव माझंच सांगणार ना," म्हणायच्या. शाळेतून निवृत्त झाल्यावर बाईंना हाच धंदा उरलाय, अशी गावात चेष्टा चाले.

मी तेव्हा पत्रकं काढायचे. गावाच्या वर जांभ्या दगडाचं उघडं पठार, आमचा सडा, त्याच्या कडेला आमच्या वाडीचा झरा, आणि चिरेखाणी त्याच्याकडे सरकत येत होत्या. 'पाणी लुटणाऱ्यांनो, चालते व्हा' असल्या मथळ्यांवर माझा हात बसलेला. मजकूर दाखवला की बाई चष्मा कपाळावर ढकलून एकच विचारायच्या, "बघून आलीस?" खाणीचा धुरळा शाळेत शिरतो असं मी एकदा ठोकून दिलं होतं. गेले, तर शाळा स्वच्छ होती. धुरळा शेजारच्या आंब्याच्या कलमांवर बसला होता. "मग तेच लिही गो. ते काय कमी आहे?"

झऱ्याची जमीन सामाईक. हिस्सेदार बहुतेक मुंबईला, आणि खाणवाला एकेकाला गाठून विक्रीच्या सह्या घेत होता. त्या हिस्सेदारांपर्यंत पोचायला बाईंनी साठीत ब्लॉग सुरू केला. एस्टीने रत्नागिरीला जायच्या, सायबर कॅफेत बसून एका बोटाने टाइप करायच्या. झऱ्याला मे महिन्यात पाणी किती असतं, कुणाची आई हंडा उतरवून कुठल्या दगडावर दम खायची. वाचून एखाद्याचा हात सही करताना थांबावा, एवढीच आशा. पण वाचणारे मोजके.

मग त्यांना ती साइट सापडली, लिंकांची देवाणघेवाण करणारी. आमच्या सभासदांच्या लिंका तुमच्या पानावर लावा, तुमची त्यांच्या पानांवर लागेल, वाचक वाढतील. मी म्हटलं, लावून टाका. "थांब. कुणाकडे पाठवत्ये ते बघायला नको?" बाई यादीतल्या प्रत्येकाच्या पानावर जाऊन आल्या. कुणी बागकामावर लिहिणारा, कुणी टपाल तिकिटं जमवणारा. एकेकाला 'छान लिहिता' असं कळवलंसुद्धा. मगच साइटने दिलेला कोड पानावर चिकटवला; तो साइटवरची यादी पानाखाली आपोआप दाखवायचा. एकदा बघितलेलं घर जागेवरच राहतं, ही बाईंची समजूत. तिथेच त्या फसल्या. यादी बदलण्याची किल्ली त्या साइटवाल्यांच्या हातात होती.

मुंबईहून दिगूचा फोन आला तेव्हा मी बाईंच्या पडवीत होते. दिगू त्यांचा जुना विद्यार्थी, झऱ्याच्या जमिनीतला मोठा हिस्सेदार. आवाज मला ऐकू येण्याइतका चढला होता. "बाई, पोरीला झऱ्याचं वाचून दाखवत होतो. खालच्या एका नावावर तिनं क्लिक केलं तर जुगाराचा अड्डा उघडला. आणि त्याच्या शेजारी काय होतं ते तुम्हाला सांगवत नाही. असल्या लोकांत कधीपासून बसायला लागलात?" बाई "बघते" म्हणाल्या आणि फोन ठेवला.

पुढच्याच एस्टीने आम्ही कॅफे गाठला. बागकाम, तिकिटं, सगळे गायब. त्यांच्या जागी जुगार आणि नको ते फोटो. बाईंची लिंक मात्र कुठेच लागलेली नाही. बाईंनी कोड काढून टाकला. पण साइटच्या पहिल्या पानावर ब्लॉगवरून उचललेला त्यांचा फोटो लावलेला, खाली 'आमच्या समाधानी सभासद'. तो काढा म्हणून बाईंनी किती वेळा लिहिलं. दर वेळी तेच उत्तर: प्रिय सभासद, तुमचं समाधान हेच आमचं ध्येय.

हा उघड दरोडा होता, आणि मी पत्रकाला बसले. बाईंनी ते वाचलं. "फसवलं त्यांनी. पण पाठवलं मी. ते वाक्य कुठाय यात?"

गणपतीला दिगू गावी आला. बाई त्याच्या दारात उभ्या राहिल्या. मी मागे.

"चल, झऱ्यावर जाऊ."

"बाई, वाट माहित्ये मला."

"माहित्ये रे. तरी चल."

चढणीला बाईंना धाप लागली, पण बसल्या नाहीत. झऱ्यापाशी पोचल्यावर म्हणाल्या, "वाट परत न बघता तुझ्या पोरीला मी तिकडे सोडलं. चुकलं माझं." आपल्या मास्तरीणबाईंच्या तोंडून हे ऐकून दिगूला कुठे बघावं कळेना. तो वाकला, ओंजळीने पाणी प्यायला, बाहीने तोंड पुसलं. "गार आहे अजून," एवढंच म्हणाला. सही त्याने केली नाही, आणि त्याच्या सहीवाचून तो तुकडा अडला. शेजारचे तुकडे विकले गेले. खाण आज झऱ्यापासून हाकेच्या अंतरावर आहे.

त्यानंतर बाईंनी ब्लॉगवर एकच पान लिहिलं. झरा बघायला यायचं तर कुठली एस्टी, कुठल्या थांब्यावर उतरायचं. शेवटी, 'बाईंचं घर विचारा. पुढे मी येते सोबत.' लिंक एकही नाही.

बाई गेल्या. त्या साइटवर अजून समाधानी आहेत.

गेल्या आठवड्यात एक नवराबायको थांब्यावर उतरले, हातात त्या पानाची छापील प्रत. बाईंचं घर कुठे, म्हणून मलाच विचारलं. मी आधी चपला शोधल्या.