साड्या नेसवून दिलेला माल

सदरमधल्या बंद दुकानातल्या त्या बाईनं पुतळ्यांच्या सौद्यात मला फसवलं. मी तिला फसवलं असं सांगणारे तुम्हाला दुकानामागच्या गल्लीत भेटतील. त्यांचं ऐकू नका.

"हात लावून पाहा, पण ओढू नका," हे तिचं वाक्य. कपड्यांचं ते तीन मजली दुकान चालू होतं तेव्हा ती साडी विभागात मुख्य होती आणि गिऱ्हाइकांना हे सांगायची. दुकान बंद झालं, माल गेला, नोकर गेले. किल्ल्या सांभाळायला कंपनीनं तिला एकटीला ठेवलं. तरी वाक्य सुटलं नाही. मी पहिल्यांदा गेलो आणि एक रिकामं रॅक हलवून पाहिलं, तर मागून तेच ऐकू आलं. बोलताना तिची बोटं हवेत निऱ्या घालत असायची.

बंद पडलेल्या दुकानांच्या आतलं सगळं विकत घ्यायचं, हा माझा धंदा. रॅक, आरसे, काउंटर, पुतळे. फुटपाथवर हँगर विकत वर आलो. आजही आवाज चढवल्याशिवाय माझा भाव ठरत नाही आणि ठोकून पाहिल्याशिवाय मी माल उचलत नाही. मौद्याचा एक दुकानदार अक्षय्य तृतीयेला साड्यांचं नवं दुकान उघडणार होता. पुतळे माझ्याकडूनच घेतो म्हणाला, ते एवढ्याच भरवशावर की माझा माल तपासलेला असतो.

दुकान बंद होतं, पण रिकामं नव्हतं. मागच्या गल्लीतल्या बायका काचेजवळच्या उन्हात, बिलाच्या काउंटरवर कुरडया वाळवत होत्या. साडी विभागासमोर नवऱ्यांना बसायला एक बाक होता. त्यावर प्रताप नगरचे एक रिटायर हेडक्लार्क रोज येऊन बसत.

"काका, कोणाची वाट पाहून राहिले?" मी विचारलं.

"मिसेसची."

"दुकान तं बंद आहे."

"ती पुण्याला आहे, मुलीकडे. पण घरी वाट पाहण्यापेक्षा इथं बरं. इथली सवय आहे."

बाई त्यांना पाणी देत म्हणाली, "होईलच आता, काका." वाट पाहणाऱ्या नवऱ्यांना ती वर्षानुवर्षं हेच सांगत आली होती.

पुतळे दाखवा म्हटलं, तर तिनं लेडीज ट्रायल रूमकडे बोट केलं. अर्ध्या दारांवरून मुंडकी तेवढी दिसत होती, रंगवलेल्या भुवयांची. मी दार ढकलायला गेलो.

"ओ भाऊ! कुठं घुसून राहिले? लेडीज आहे ते."

"पुतळेच आहेत ना आत!"

"मंग? उघड्या आहेत त्या."

"अवं बाई, प्लास्टिक आहे!"

"मले माहीत आहे प्लास्टिक आहे. पाहणाऱ्याची नजर प्लास्टिकची असते का?"

कुरडया उलटणारे हात थांबले. काकांनी चष्मा पुसून माझ्याकडे पाहिलं. मी दार सोडलं.

मग सौदा सुरू झाला. पैसे कंपनीला जाणार होते, त्यात तिला रस नव्हता. तिची अट एकच. नेसवल्याशिवाय एकही जाणार नाही, आणि साड्या मी आणायच्या. मी ओरडलो. तिनं पाण्याचा ग्लास पुढं केला. चादरी गुंडाळू म्हटलं, ती हलेना. मी रागानं जिन्यापर्यंत गेलो आणि कोणी हाक मारली नाही म्हणून परत आलो. शेवटी ती रेशमावरून सुतीवर उतरली. इतवारीच्या बाजारातून सगळ्यांत स्वस्त साड्या उचलताना मला वाटत होतं, जिंकलो.

नेसवायला तिला अख्खा दिवस लागला. मी खूप दुकानं पाहिली, तसं नेसवणं कुठं पाहिलं नाही. साड्या त्याच फालतू. पण कुणाचा पदर दोन्ही खांद्यांवरून, कुणाचा डोक्यावरून, कुणाचा कमरेला खोचलेला. लग्नघरातल्या बायका फोटोसाठी उभ्या राहाव्यात तशा त्या एकेक करून बाहेर येऊन उभ्या राहिल्या.

मी पहिलीला ठोकून पाहायला पदराला हात घालणार, तेवढ्यात कुरडयांवरच्या बायका ताट घेऊन आल्या. नव्या साडीतली बाई दारातून रिकाम्या ओटीनं कशी जाईल? त्यांनी कुंकू लावलं, ओट्या भरल्या. तांदूळ घरंगळून फरशीवर सांडत होते आणि बाई म्हणत होती, "हळू वं, निऱ्या सुटतीन."

काका बाकावरून उठले, घसा साफ केला आणि मला म्हणाले, "मुलींकडून मी बोलतो. उघड्या टेम्पोत पाठवणार नाही."

"काका, तुमी काहून मधात पडून राहिले?"

"कोणीतरी बोलायला पाहिजे ना."

आता तुम्हीच सांगा. जिची आत्ता ओटी भरली, जिच्याकडे पाहून चार बायका डोळे पुसताहेत, तिचा पदर वर करून कोणता माणूस ठोकून बघेल? मी मुकाट्यानं बंद गाडी मागवली.

मौद्यात दुकानदारानं पहिलीची साडी सोडली तर तिला हात नव्हता. दुसरीला दोन्ही नव्हते. तिसरीला गुडघ्याखाली झाडूचा दांडा बांधलेला. चौथी कमरेपर्यंत पुतळा होती, खाली पाण्याचा जार उपडा घातलेला.

"तपासलेला माल," दुकानदार म्हणाला. एवढंच. त्यानं शिवी दिली असती तर बरं झालं असतं.

बाकीच्यांच्या साड्या त्यानं सोडल्याच नाहीत. तशाच दारात उभ्या केल्या. रस्त्यानं जाणाऱ्या बायका थांबायला लागल्या, आत यायला लागल्या. पण साडी बदलायची म्हटली की पंचाईत. नुसती गुंडाळली तर हात नसल्याचं दिसतं. तिच्यासारखं नेसवणं मौद्यात कोणाला जमेना. त्यानं फोन केला, "भाऊ, माल वापस न्या, नाहीतर ते बाई आणून द्या. पगार मी देतो."

मी सदरला गेलो तो भांडायला. जिना चढताना शिव्या जुळवत होतो. पगाराचं त्यानंतर सांगणार होतो. वर जिम झालं होतं. काचेजवळ माणसं जागच्या जागी पळत होती. बाई कुठं विचारलं, तर म्हणाले, कोण बाई?

काका खाली पानठेल्याशी उभे होते. बसायला जागा उरली नव्हती. "किल्ल्या दिल्या आणि गेली," ते म्हणाले. "नाव विचारायचं राहिलंच. सगळे बाईच म्हणायचे."

कंपनीच्या ऑफिसात फोन लावला. एसी कोणाला दिले ते त्यांनी सांगितलं. लिफ्टचं सांगितलं, दारावरच्या पितळी अक्षरांचंसुद्धा सांगितलं. बाईचं विचारलं, तर म्हणाले, ती सामानात नव्हती.

ती भेटली की माझं मी भांडून घेईन, त्यात कोणी पडू नका. पण कंपनीवाल्यांनो, उभं आयुष्य तुमच्या दुकानात जिनं उभ्यानं काढलं, ती कुठं गेली हे शटर ओढणाऱ्यांना माहीत नको? मौद्यात त्या अजून त्याच साड्यांत उभ्या आहेत, उन्हानं रंग उडत चाललाय, आणि बाई कधी येते म्हणून फोन मला येतात. मी काय सांगू? दुकान तुम्ही बंद केलं. उत्तर तुम्ही द्या.