कोंबड्यांच्या घरात पाच मिनिटं

लग्न होऊन मी मोहन्याला आले तेव्हा घरामागच्या परसात एक मोठा शेवगा, दोन नारळ आणि कपडे वाळत घालायच्या तारा एवढंच उरलेलं. सासरची शेती कधीच विकून झालेली. तिथे आता सात-सात मजल्यांच्या इमारती आहेत. सासूबाई रोज संध्याकाळी परसात खुर्ची टाकून बसायच्या. एका रविवारी जेवताना त्या एकदम म्हणाल्या, "मना कोंबऱ्या पायजेत."

नवरा हसला. "आई, अंडी कोपऱ्यावरच्या दुकानात मिळतात."

"अंड्यांसाठी नाय रं. परस मुका झालाय."

तो पुन्हा ताटाकडे वळला. मला मात्र उत्साह आला. मी ठाण्याला एका आर्किटेक्टच्या ऑफिसात नकाशे काढायचं काम करते. पंधरा वर्षं लोकांच्या इमारतींचे जिने आणि पार्किंगचे खांब काढत आलेय. स्वतःच्या घरासाठी एक फळीसुद्धा आखलेली नव्हती. मी म्हटलं, "आई, खुराडं मी डिझाइन करते."

आता माझं माहेर डोंबिवलीचं, कोपर स्टेशनजवळ. आमच्या घरात अंडंही यायचं नाही. जिवंत कोंबडी मी कधी हातात धरलेली नव्हती. पण नकाशा काढायला कोंबडी कशाला धरावी लागते, असं मला वाटलं.

नकाशा फार सुंदर झाला. सहा फूट बाय चार फूट, चारही बाजूंनी पत्रा, वर पत्र्याचंच उतरतं छप्पर, आत अंडी घालायला तीन कप्पे. मांजर आणि मुंगसाच्या भीतीने खिडकी एकच ठेवली, वहीच्या पानाएवढी. स्वयंपाकघरातून छान दिसावं म्हणून जागा परसाच्या मधोमध धरली. जवळच्या वेल्डिंगवाल्याने आठवड्यात सगळं उभं केलं आणि मी स्वतः त्याला विटकरी रंग दिला. सासूबाईंनी खुराड्याभोवती दोन फेऱ्या मारल्या. "रंग झ्याक हाय," एवढंच म्हणाल्या.

मुरबाडच्या बाजारातून पाच गावठी कोंबड्या आणि एक कोंबडा आला. थंडीचे शेवटचे दिवस होते, सगळं मजेत चाललेलं. सकाळी मी दार उघडलं की सहा जण घाईने बाहेर पडायचे, जणू कुणाची तरी गाडी चुकतेय. दिवसभर ती परसात उकरत फिरायची. पण पुढे शेजारच्या इमारतीतली एक कुत्री भिंतीवरून आत यायला लागली, म्हणून दुपारी त्यांना कोंडून ठेवायचं ठरलं. तोवर एप्रिल उजाडलेला.

एका दुपारी ऑफिसात सासूबाईंचा फोन आला. त्या कामाच्या वेळी कधी फोन करत नाहीत.

"घरी ये. लाल कोंबरी पडली."

मी अर्धी सुट्टी टाकून निघाले. घरी पोचले तर सासूबाई मोरीत पाटावर बसलेल्या. मांडीत ती लाल कोंबडी, तिचे पाय बादलीतल्या पाण्यात बुडवलेले, आणि सासूबाई बोटाने तिच्या चोचीवर एकेक थेंब सोडत होत्या. कोंबडीची मान लोंबत होती. बाकीच्या परसात शेवग्याखाली चोची वासून, पंख अंगापासून लांब धरून धापा टाकत उभ्या होत्या.

"धर हिला," सासूबाई म्हणाल्या. "माजी कंबर धरली."

मी धरली. पहिल्यांदाच. पिसांच्या आत ती इतकी हलकी असेल असं वाटलंच नव्हतं, आणि इतकी गरम. तिचं काळीज माझ्या तळहाताखाली धडधडत होतं. किती वेळ गेला कोण जाणे. मग तिने मान उचलली, डोळा उघडून माझ्याकडे पाहिलं आणि माझ्या ऑफिसच्या ड्रेसवर घाण केली.

"जगली जल्ली!" सासूबाई लाडाने शिवी देत ओरडल्या, आणि मी रडायलाच लागले.

"अगं, आता कनाला रडतंस?"

"आई, मी घर नाही, भट्टी बांधली. तुम्हाला कळलेलं ना? आधी का नाही बोललात?"

त्यांनी पदराने माझ्या ड्रेसवरचं पुसलं. "तू येवरा कागद कारलास. मना वाटला, शिकलेल्या पोरीला ठाव असंल."

रविवारी भर दुपारी त्यांनी मला परसात बोलावलं. कोंबड्या आधीच बाहेर काढलेल्या. "आत जाऊन बस."

"कुठे?"

"खुराऱ्यात."

मला वाटलं गंमत करतायत. करत नव्हत्या. मी पंजाबी ड्रेसची ओढणी कमरेला बांधून वाकून आत शिरले. त्यांनी बाहेरून दार लावलं आणि वहीएवढ्या खिडकीतून एक पेटती उदबत्ती आत दिली. "धूर कुठं जातो ता बघ."

धूर सरळ वर गेला आणि छपराखाली साचून राहिला. माझ्या डोक्याच्या आसपासची हवा अंगाला चिकटत होती. पत्र्याला पाठ लागली तर चटका बसला. समोरच्या इमारतीच्या गॅलरीतून कुणीतरी विचारलं, "काकी, सुनेला कोंडलंत की काय?" आणि सासूबाईंनी मोठ्याने उत्तर दिलं, "नापास झाली, म्हणून!"

पाच मिनिटांनी मी घामाने भिजून बाहेर आले तेव्हा आम्ही दोघी हसून हसून बेजार झालेलो. नवरा दारात हातात चहाचा कप घेऊन उभा होता. आमच्याकडे बघून तो कपासकट आत गेला.

त्या संध्याकाळी दुसरा नकाशा काढला, खुराड्याशेजारी बसून, दोघींनी. मी रेघा मारायचे, त्या बोट ठेवायच्या. पुढच्या आठवड्यात खुराडं शेवग्याच्या सावलीत हलवलं. दोन लांब बाजूंचा पत्रा काढून तिथे बारीक भोकांची, जाड तारेची जाळी लावली. दारासमोरची, पश्चिमेची आखूड बाजू तेवढी बंद ठेवली, तिरकं ऊन तिथूनच येतं. छप्पर वीतभर वर उचललं, म्हणजे कोंडलेली गरम हवा फटीतल्या जाळीतून निघून जाईल, आणि पत्र्यावर नारळाच्या झावळ्या अंथरल्या. खाली चार सिमेंटचे ठोकळे दिले, घुशी आणि पाणी दोन्ही लांब राहावं म्हणून. बसायला बांबू लावताना मी गुळगुळीत पाइप सुचवला, तर सासूबाई म्हणाल्या, "तिच्या नखांनी काय धरंल ती?" पुन्हा उदबत्ती लावली. या वेळी धूर आडवा झाला आणि जाळीतून निघून गेला. ऑफिसात एवढ्या इमारतींचे नकाशे मंजूर झाले, पण इतका आनंद मला कधीच झाला नव्हता.

तेव्हापासून कामाची वाटणी ठरलेली आहे. तळाशी पसरलेला भाताचा तूस रोज हलवायचा, ओला झाला की बदलायचा, हे माझं काम. सासूबाई कोपऱ्यात राख आणि मातीचा ढीग करतात. कोंबड्या त्यात लोळतात, मग अंगात उवा होत नाहीत. पाण्याचं मातीचं भांडं उन्हाळ्यात दिवसातून तीनदा भरायचं. हे काम नवऱ्याकडे आहे, आणि त्याला ते आवडतं हे तो कबूल करत नाही.

दिवाळीनंतर ती लाल कोंबडी खुडूक बसली. कप्प्यातून उठेना, हात घातला की फुगून टोचायची. सासूबाईंनी तिच्याखाली नऊ अंडी ठेवली आणि मला कॅलेंडरवर खूण करायला सांगितली. एकविसाव्या दिवशी पहाटे त्यांनी मला हलवून उठवलं. "ऐक."

कोंबडीच्या पोटाखालून बारीक चिवचिव येत होती. दुपारपर्यंत सात पिल्लं झाली, पिवळी, करडी, एक तर चक्क काळं कुळकुळीत.

त्याच दिवशी माझी आई डोंबिवलीहून आली. फोनवर व्हिडिओ पाहून तिला राहवलं नव्हतं. जाळीपासून दोन हात लांब पदर सावरून उभी राहिली. सासूबाईंनी काळं पिल्लू उचललं आणि काही न विचारता तिच्या ओंजळीत ठेवलं.

"अगं बाई!" आई म्हणाली. ओंजळ न हलवता ती तिथेच खाली बसली. पिल्लाने तिच्या अंगठ्यावर मान टेकून डोळे मिटले.

"विहीणबाई, चहा थंड होतोय," सासूबाई म्हणाल्या.

"होऊ दे," आई म्हणाली. "झोपलंय ते."