न धुतलेले दोन घोस

माझे सासरे वैद्य होते आणि कट्टर दारूबंदीवालेही होते. सत्याग्रहाच्या दिवसांत ताडीच्या दुकानापुढे धरणं धरून बसले आणि दोन महिने तुरुंगात राहून आले. सुटून आल्यावर पहिलं काम काय केलं असेल, तर मागच्या खोलीत जाऊन द्राक्षासवाच्या बरण्या तपासल्या. द्राक्षं, गूळ आणि धायटीची फुलं महिनाभर आंबवून केलेलं ते औषध दोन चमचे घेतलं की शाळामास्तरांचेसुद्धा गाल लाल होत. "याला दारू म्हणणारा मूर्ख," असं मामंजी म्हणत. मी घरात नवी सून होते, तेव्हा मूर्ख ठरायची माझी तयारी नव्हती.

आमचं घर नाशकात, भद्रकालीजवळ. माझे यजमान पुण्याला वैद्यकी शिकत होते, म्हणून घरात मामंजी, सासूबाई आणि मी एवढीच माणसं. मामंजींच्या रोग्यांत एक इटालियन साहेब होते. साहेब म्हणायचं आपलं. देवळालीच्या बंगल्यांमधून रंगीत खड्यांच्या फरशा बसवणारे ते कारागीर. उभा जन्म गुडघ्यांवर बसून काम केल्यामुळे गुडघे कामातून गेले होते. दर गुरुवारी टांग्यातून यायचे, तेल लावून घ्यायचे आणि अर्ध्या हिंदीत, अर्ध्या मराठीत गप्पा मारत बसायचे.

त्यांच्या भावाचा इटलीत डोंगरउतारावर द्राक्षमळा होता. तिथून वर्षाला एक पेटी तांबडी दारू बोटीने यायची. एका वर्षी साहेबांनी त्यातली एक बाटली मामंजींना भेट दिली. मामंजींनी बूच काढून हुंगलं, बोटाचं टोक बुडवून जिभेला लावलं आणि डोळे मिटले. "गूळ नाही, धायटी नाही. तरी आसव उत्तम उतरलंय," असा निकाल देऊन बाटली औषधांच्या फळीवर ठेवली. पुढच्या गुरुवारी साहेब आले, तर मामंजी एका अशक्त रोग्याला तीच दारू चमच्याने पाजत होते, वर तेवढंच पाणी घालून.

"पानी नाही, वैद्यजी! पानी नाही!" साहेब गुडघे विसरून ताडकन उभे राहिले.

"जेवणानंतर दोन चमचे, समभाग पाणी," मामंजी शांतपणे म्हणाले. "हे तुमच्या वडिलांना कळलं असतं, तर इतक्या बाटल्या लागल्या नसत्या."

एवढं होऊनही साहेब येत राहिले, यावरून त्यांचे गुडघे किती दुखत असतील याची कल्पना यावी.

मग इटलीने अबिसिनियावर, म्हणजे हबशांच्या देशावर, स्वारी केली आणि सरकारने इटलीचा माल बंद केला. पेटी येणार नाही हे कळलं तेव्हा साहेबांचा चेहरा पाहवेना. कारण त्यांनीच सांगितलं. आषाढाच्या सुमारास, त्यांच्या आईचं नाव ज्या संतिणीवरून ठेवलं होतं, तिचा सण असे. त्या दिवशी तिकडे दुपारच्या जेवणाला सगळं घर जमून घरची दारू पिई आणि त्याच वेळी, इथल्या संध्याकाळी, साहेब देवळालीला एकटे बसून तीच दारू पीत. तीस वर्षांत हे एकदाही चुकलं नव्हतं. म्हातारी आता ऐंशीची झाली होती आणि 'यंदाची कशी होती?' एवढं एकच दरवर्षी पत्रातून विचारायची.

"मग इथे करा," मामंजी म्हणाले. मी दाराआडून ऐकत होते; माझा कानांवर विश्वास बसेना. ताडीवाल्यापुढे धरणं धरणारा माणूस घरात दारू गाळायला निघाला होता! पण साहेबांच्या खोलीवर तापणारा पत्रा होता आणि आमच्या मागच्या खोलीत वाळूत अर्ध्या पुरलेल्या थंडगार बरण्या होत्या. मामंजींनी त्यातल्या एका मोठ्या बरणीवर 'द्राक्षासव, विशेष' अशी चिठ्ठी डकवली आणि मनाचं समाधान करून घेतलं.

ओझरच्या एका मळ्यातून हबशी जातीची काळी द्राक्षं आली. "हबशांवर स्वारी केलीत, आता हबशांनीच तुमची अब्रू राखायची," मामंजी म्हणाले. साहेब खाली मान घालून द्राक्षं निवडत राहिले.

त्यांच्या गावची रीत अशी, की द्राक्षं तोडली की लगेच चिरडायची नाहीत. आधी ताट्यांवर, सावलीत, घोसाला घोस न लागेल असे मांडून सुकवायचे. तिकडे थंडीत तीन महिने लागतात, इथे बारा दिवस पुरेत असं ठरलं. माडीवर बांबूच्या ताट्या मांडल्या. साहेब एक दिवसाआड येऊन प्रत्येक घोस उलटसुलट बघत आणि किडका मणी दिसला की नखाने काढून टाकत. इतकं बारकाईने सासूबाईंनी मलासुद्धा दाखवायच्या वेळी पाहिलं नव्हतं.

चौथ्या दिवशी तीन घोस नाहीसे झाले. "उंदीर!" सासूबाई म्हणाल्या आणि माडीवर सापळा लावला. खोबऱ्याचा तुकडा वाळून गेला, पण उंदीर काही सापडला नाही.

बारावा दिवस झाला. दुसऱ्या दिवशी चिरडायचं होतं. सासूबाई देवळात गेल्या होत्या. ताट्यांवरच्या द्राक्षांवर पांढरट धुरकट थर दिसत होता, आणि मला वाटलं, आपणही काही करून दाखवावं. मी बंब पेटवला, द्राक्षं गरम पाण्यातून काढली आणि लोणच्याच्या कैऱ्या पुसतात तसा एकेक मणी कोरड्या पंचाने पुसून ठेवला. संध्याकाळपर्यंत पाठ मोडून आली. पण काय चकाकत होती द्राक्षं! सासूबाईंनी लग्नानंतर पहिल्यांदा माझ्याकडे पाहून "बरं केलंस" म्हटलं.

दुसऱ्या दिवशी साहेब आले, तोवर अंधाऱ्या मागच्या खोलीत द्राक्षं घंगाळात भरून तयार होती. चिरडताना थोडी धुसफूस झालीच. पाय मऊ असतात, बिया फुटत नाहीत, रस कडवट होत नाही, असं साहेबांचं म्हणणं. "माझ्या घरात अन्नाला पाय लागणार नाही," मामंजी म्हणाले. शेवटी सासूबाई आणि मी कोकम कुस्करतात तसं हाताने कुस्करलं. सालं रसातच ठेवायची, कारण रंग रसात नसतो, सालीत असतो.

तीन दिवस झाले. बरणी गप्प. चौथ्या दिवशी साहेबांनी वास घेतला, मग गुडघे टेकून बरणीला कान लावला. जिवंत झाली की ती फसफसून बोलते, असं ते सांगत.

सासूबाई कौतुकाने म्हणाल्या, "सूनबाईने एकेक मणी गरम पाण्याने धुतलाय हो! स्वच्छतेत कसर नाही."

"धुतलं?" साहेब म्हणाले. मग खाली वाळूतच बसले. ते रागावले असते तर बरं झालं असतं. सालीवरची ती पांढरी भुकटी, तीच रसाला उठवते, आंबवते, ते हळूहळू सांगू लागले. त्यांची आई तर सुकत्या द्राक्षांवर पावसाचा शिंतोडा उडू देत नसे. मी दाराशी उभी होते. मला धरणीने पोटात घ्यावं असं झालं.

मामंजींना मात्र स्फुरण चढलं. "धायटीची फुलं घालू. दोन दिवसांत उठेल!"

"नाही, वैद्यजी. द्राक्षाशिवाय काही नाही. आई विचारणार, कशी होती. मी खोटं कसा लिहू?"

"मग आणखी द्राक्षं आणू."

पण मळ्यातली हबशी संपली होती. साहेब उठले, टोपी घातली आणि उद्या रस फेकून द्या म्हणाले, अगदी साध्या आवाजात.

मी माझ्या खोलीत गेले, ट्रंक उघडली आणि शालूच्या घडीखालून दोन घोस काढले. तिसरा मी रोज दुपारी एकेक मणी करून खाल्ला होता. सासरी भूक लागली म्हणायची सोय नव्हती आणि सुकत आलेली ती द्राक्षं इतकी गोड होती की काय सांगू. घोस घेऊन मागच्या खोलीत आले.

"हे धुतलेले नाहीत," मी म्हटलं. "उंदीर मीच."

मामंजी एकाएकी खोकायला लागले. सासूबाईंनी आधी घोसांकडे पाहिलं, मग माझ्याकडे, आणि त्या पाठ फिरवून निघून गेल्या. मला वाटलं, आता माहेरी पत्र जाणार. साहेबांनी मात्र ते घोस दोन्ही हातांनी घेतले, तिथेच चिरडले आणि बरणीत टाकले. तिसऱ्या दिवशी बरणी अशी बोलायला लागली, की मामंजींची शेजारची बरणी लाजली असेल.

शिक्षा म्हणून वर येणारी सालं दिवसातून दोनदा पळीने खाली दाबायचं काम माझ्याकडे आलं. पुढे साहेबांनी रस कापडातून पिळून घेतला, तीनदा तळच्या गाळावरून अलगद काढला आणि प्रत्येक वेळी आधीच्याहून लहान बरणीत काठोकाठ भरला. वारा लागला तर संपलं, ते सांगत. "लोणच्याचंही तसंच," सासूबाई आतून म्हणाल्या. माझ्याशी त्या अजून कामापुरतंच बोलत होत्या.

आषाढातल्या त्या संध्याकाळी साहेब धुवट कोट घालून आमच्या ओसरीवर आले. पेला स्वतःचा आणला होता. दारू ओतली, उजेडात धरली, घोट घेतला आणि मामंजींसारखे डोळे मिटले. आम्ही तिघं बघत राहिलो.

"अजून लेकरू आहे," ते म्हणाले. "पण आमच्या घरातलं आहे."

मग खिशातून पत्र काढलं. उंदराची सगळी गोष्ट त्यांनी आईला लिहिली होती, आणि तिने भावाकडून उत्तर लिहवून घेतलं होतं. साहेबांनी ते मोडक्या मराठीत सांगितलं. लग्न होऊन आले त्या वर्षी ताट्यांवरचे घोस मीही चोरले, म्हातारीने लिहिलं होतं. आळ उंदरांवर घातला. साठ वर्षं कोणाला सांगितलं नाही, तू आणि हे लिहिणारा तुझा भाऊच पहिले. त्या मुलीला सांग, मोठे घोस घेऊ नयेत, लगेच लक्षात येतं.

मला हसू फुटलं आणि त्यातच रडूही आलं. जिला मी कधी पाहणार नव्हते, ती बाई मला त्या क्षणी जगात सगळ्यांत जवळची वाटली. सासूबाई दारात उभ्या होत्या. त्यांनी सगळं ऐकलं आणि दिवा लावायला आत गेल्या.

बंदी उठली, पेटी पुन्हा येऊ लागली, तरी पुढच्या हंगामात साहेबांनी ओझरची द्राक्षं आणलीच. ताट्या मांडल्या, पण या खेपेला सासूबाईंनी सापळा काही लावला नाही. एका दुपारी मी खोलीत गेले, तर त्या माझ्या ट्रंकेवर दोन लहानसे घोस ठेवत होत्या.

"ठेव," त्या म्हणाल्या. "आणि धुऊ नकोस."