आधी मागचे ब्रेक

लालबागच्या ज्या गॅरेजमध्ये मी बारा वर्षं मिस्त्री होतो, तिथल्या शेठने माझ्या हाताखाली काम शिकणाऱ्या धाकट्या भावाला एका पान्यापायी सगळ्यांसमोर चोर म्हणून हाकललं. तो पाना चार दिवसांनी एका गाडीच्या सीटखाली सापडला. शेठने शब्द मागे घेतला नाही. भावाने पुन्हा हत्यार हातात धरलं नाही. आता हिंदमाताला दुकानात साड्यांच्या घड्या घालतो.

मी रे रोडला स्वतःचं गॅरेज काढलं. गेल्या वर्षी तोच शेठ, जन्मभर फक्त गल्ला सांभाळलेला, आता धंदा विकून मोकळा झालेला, जुनी दोन सीटची स्पोर्ट्स कार घेऊन माझ्याकडे आला. डिकीत मागच्या चाकांसाठी ब्रेकचे मोठे लाल कॅलिपर.

"पुढचे महिन्याने येतायत. तोवर हे तरी बसव रे. चाकातून लाल दिसलं पाहिजे."

गाडी थांबताना वजन पुढे जातं, मागचा भाग हलका होतो. तिथेच ब्रेक जास्त लागला तर मागची चाकं आधी जाम होतात आणि गाडी गर्रकन फिरते. हे त्याला सांगणं माझं काम होतं.

"चालेल, शेठ," मी म्हणालो.

दोन दिवस ते काम मी मन लावून केलं. एक बोल्ट ढिला ठेवला नाही.

आमच्यात ब्रेक बसवणाऱ्याने पहिल्या चकरेला शेजारी बसायचं असतं. मी बसलो, नसतो बसलो तर त्याला संशय आला असता. लाकडाच्या वखारींमागच्या रिकाम्या रस्त्यावर त्याने वेग घेतला. त्याला एक संधी द्यावी असं मनात आलं.

"शेठ, माझा भाऊ आठवतो? तो पाना?"

"कोण? अरे, असे किती आले नि गेले!" तो हसला. "दाबू आता?"

"दाबा. पूर्ण दाबा."

गाडी फिरली आणि त्याच्या बाजूने ओंडक्यांवर आदळली. त्याचा खांदा मोडला, मला खरचटलंही नाही. मला बरं वाटलं. लिहायला लाज वाटते, पण वाटलं. मग वखारीतून हमाल धावत आले. ते मिनिटभर आधी बाहेर पडले असते तर?

भावाला सांगितलं. "दादा, हे माझ्या नावावर करू नको हां," एवढंच म्हणाला. तेव्हापासून घरी जेवायला येत नाही.

शेठ सगळ्यांना सांगतो, "चूक माझीच, मीच ब्रेक जोरात दाबला." खरं सांगायला मी दोनदा प्रभादेवीला त्याच्या दारापर्यंत जाऊन परत आलो. आधी त्याने माफी मागावी, असं अजून वाटतं. आणि त्याला तर काही आठवतच नाही.